पूर्ण गोळीची विद्यार्थिनी

आमच्या भागात कुणाला गाडी शिकायची असली की लोक एकाच माणसाकडे पाठवतात, पण त्याचं खरं नाव कुणी सांगत नाही. सगळे त्याला सावकाशसर म्हणतात. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी हे सर ओरडत नाहीत, स्टिअरिंगवर झडप घालत नाहीत. शेजारच्या सीटवरून दोन बोटं हवेत जराशी खाली दाबल्यासारखी करतात, "सावकाश" म्हणतात आणि आपल्या पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक इतक्या अलगद दाबतात, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटावं.

हे सर म्हणजे चौथीतला माझा विद्यार्थी. तेव्हा तो पहिल्या बाकावर बसायचा आणि पेन्सिलीला टोक करायचीही परवानगी मागायचा. "बाई, टोक करू?" "कर." "बाई, केलं. आता लिहू?" पुढे हा मुलगा रोज अनोळखी माणसांच्या हाती आपला जीव सोपवून पोट भरेल, असं मला कुणी सांगितलं असतं, तर थट्टा करतो म्हणून मी सांगणाऱ्यालाच वर्गाबाहेर उभं केलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकायचं ठरवलं. बहिणीकडे जायचं म्हणजे भाच्याची मर्जी सांभाळावी लागायची, आणि भाच्याला मर्जी हा एकच उद्योग होता. मी सावकाशसरांकडे गेले. पहिल्याच दिवशी आम्ही तह केला. गाडीचं दार लागलं की तो सर आणि मी विद्यार्थिनी, मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं. दार उघडून खाली उतरलं की तो पुन्हा चौथीत. ‘बाई’ म्हणणं मात्र त्याला गाडीतही सुटेना, त्यामुळे माझी चूक दाखवताना त्याची फार पंचाईत व्हायची. "बाई, आपण आता फुटपाथवर आहोत," हे तो अशा सुरात सांगायचा, की जणू फुटपाथच वाट चुकून आमच्या चाकाखाली आला होता.

मी वाईट शिकणारी होते. मागचं बघायच्या आरशात मी स्वतःचे केस बघायचे. गिअर बदलताना जीभ बाहेर काढायचे, हेही तोच म्हणाला म्हणून मला कळलं. वर्गात इतकी वर्षं जिभा आत घालायला लावणारी मी. पण हा गृहस्थ कधी चिडला नाही. याचं काळीज लोखंडाचं असणार, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं.

एकदा रेल्वे फाटक बंद होतं, तेव्हा त्यानेच हा गैरसमज दूर केला. मी म्हटलं, "सर, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"

"वाटते ना बाई. मला तर लिफ्टचीपण वाटते. फोन वाजला तरी वाटते." त्याने पुढचा कप्पा उघडून फ्यूज ठेवायची डबी दाखवली. फ्यूजशेजारी गोळ्यांची पट्टी होती. "रोज सकाळी एक. हे माझे फ्यूज. डोकं म्हणजे आमचं जुनं मॉडेल. थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरूच होत नाही."

मग त्याने पूर्वीची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी त्याचे क्लास बरेच महिने बंद होते. पाठ धरलीय, असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची, आणि मीही तेल पाठवल्याचं मला आठवत होतं.

"पाठ ठणठणीत होती," तो म्हणाला. "तुमच्या तेलाने आम्ही दाराची बिजागरी गप्प केली. मला उठवतच नव्हतं बाई. अंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा. खाली गाडी कव्हरखाली, वर मी रजईखाली. दोघांवर सारखीच धूळ. मग डॉक्टरांनी ही गोळी दिली, आणि हळूहळू कव्हर निघालं. आधी माझं, मग गाडीचं." तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "दुसरं काही झालं तरी चालेल. फक्त ते कव्हर पुन्हा पडायला नको."

फाटक उघडलं. मी गाडी बंद पाडली. मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती गोळी बाजारातून नाहीशी झाली. पुढचं बरंच मला मागाहून कळलं, पण सांगते क्रमाने, नाहीतर जन्मभर मुलांना क्रमाने सांगा म्हणत आले त्याला अर्थ काय?

त्याचा नेहमीचा औषधवाला म्हणाला, "वरूनच माल येत नाहीये. पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यातही तो तेच म्हणाला, फक्त या वेळी त्याने मान वर केली नाही. मग सर दुकानं पालथी घालू लागले. आमच्यासारख्या गावात डोक्याची गोळी मागणं म्हणजे भर बाजारात पायजम्याची नाडी बांधण्यासारखं. तो काउंटरवर वाकून हळूच नाव सांगायचा आणि औषधवाला आतल्या मुलीला गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "अगं, ती नैराश्याची आहे का गं?" मग मागे उभ्या असलेल्या माणसांसमोर काहीतरी घेतल्याशिवाय निघणं सरांना अवघड व्हायचं. काउंटरवर टूथपेस्ट असायची. तो टूथपेस्ट घेऊन बाहेर पडायचा.

एका दुकानात तर गंमतच झाली. सरांच्या पुढे त्यांचाच एक विद्यार्थी उभा होता, बँकेतला कारकून. मोठा गंभीर माणूस, गाडी चालवतानाही कुणाची तरी सही तपासत असल्यासारखा समोर बघायचा. तो काउंटरवर वाकून हळू आवाजात सरांच्याच गोळीचं नाव घेत होता. मागे वळला तर सर.

"काय सर, इकडे कुठे?"

"टूथपेस्ट," सर म्हणाले.

"अरे वा. मीपण टूथपेस्टच."

दोघांनी एकाच कंपनीची टूथपेस्ट घेतली, आणि दातांची निगा किती महत्त्वाची यावर कोपऱ्यापर्यंत बोलत गेले.

आता, कुठल्याही शहाण्या माणसाने डॉक्टरांना फोन केला असता. पण पेन्सिलीला टोक करायला परवानगी मागणारं ते पोर. "गोळी मिळत नाही हे डॉक्टरांना काय सांगायचं? ते काय दुकानदार आहेत?" असा त्याचा युक्तिवाद. बायकोलाही सांगितलं नाही. पाठीच्या त्या महिन्यांत तिने एकटीने सगळं ओढलं होतं, पुन्हा तिच्या चेहऱ्यावर तसलं काही यायला नको, असं त्याला वाटे. मग उरलेल्या गोळ्या पुरवायच्या कशा, याची युक्ती त्याने स्वतःच काढली, आणि ती फक्त गाडी शिकवणाऱ्याच्याच डोक्यातून निघू शकते.

त्याने गोळ्या विद्यार्थ्यांवर वाटून टाकल्या. म्हणजे घ्यायच्या त्यानेच, पण विद्यार्थी बघून. त्या दिवशी शिकायला येणाऱ्यांत सर्वांत कच्चा कोण, त्यावर त्या दिवसाची मात्रा. परीक्षेला बसायला तयार असलेली एक नर्स होती, गाडी तिच्या हातात लोण्यासारखी चालायची. त्या दिवशी फक्त तीच असेल तर गोळी नाही. बँकेतला कारकून असेल तर अर्धी. आणि ज्या दिवशी बाई, त्या दिवशी पूर्ण.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की मी सुधारतेय. गाडी बंद पडत नव्हती. जीभ आत राहत होती. सरांचं बोलणं कमी झालं होतं, आणि आता सांगण्यासारखं उरलंच नाही म्हणून ते बोलत नसतील, असा मी त्याचा अर्थ लावला. एक-दोनदा ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि वळण आलं तरी सांगायचं राहून गेलं. मी मनात म्हटलं, बघ, आता विश्वास बसला. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचले म्हणून मिरवते, आणि शेजारी बसलेला चेहरा मला वाचता येत नव्हता, कारण मी रस्त्याकडे बघत होते. तेवढं मात्र त्यानेच शिकवलं होतं.

मग तो गोल चौकाचा दिवस आला. पाच रस्ते मिळतात, मध्ये गोल बाग, आणि बागेत कुणी बसत नाही कारण तिथे पोचायचं म्हणजे पाचही रस्त्यांशी भांडण. या चौकाने मला कितीदा रडवलं होतं. त्या दिवशी मी वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला, दिवा दाखवला, येणाऱ्यांना जाऊ दिलं, जागा मिळाल्यावर अशी आत शिरले, की मला वाटलं, कुणीतरी हे बघायला हवं होतं. आणि तेवढ्यात गाडी खाडकन थांबली. माझी पर्स उडून खाली पडली. मागून हॉर्न, शिव्या, एका टेम्पोवाल्याने तर माझ्या वयाचा उल्लेख केला.

"सॉरी सर, सॉरी," मी सवयीने म्हटलं.

सर समोर बघत होते. त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर होता. "तुमचं काही चुकलं नाही, बाई," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

"अरे, काय झालं तुला?" मी विचारलं. गाडीत, दार बंद असताना, ‘तू’ म्हटलं. तह मोडला.

"मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं होतंय. उघड्या तारेला हात लागावा तसं. आत्ता झालं आणि वाटलं, कुणीतरी समोर आलं. पाय आपोआप गेला." त्याने पुढचा कप्पा उघडला आणि पुन्हा बंद केला. "बाई, रागावू नका. आज गोळी घेतली नाही."

"का?"

आणि मग त्या चौकात, पाच बाजूंनी हॉर्न वाजत असताना, त्याने मला ती वाटणी सांगितली.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. "म्हणजे मी पूर्ण गोळीची?"

"होतात," तो घाईघाईने म्हणाला. "मग अर्धीवर आलात. आणि आज तुमच्यासाठी घेतलीच नाही. म्हटलं, बाई आता छान चालवतात."

जन्मात मला इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती, आणि ती ऐकून मला रडायला येत होतं. त्या क्षणी अंगावर मूठभर मांस चढलं हेही खरं. माणूस किती क्षुद्र असतो बघा, शेजारी दुसऱ्याचे हातपाय गळालेत, आणि आपण मनातल्या मनात गुण मोजतोय.

चौकात गाडी उभी करायची सोय नव्हती. तो चालवण्याच्या स्थितीत नव्हता. डॉक्टरांचा दवाखाना पुढच्याच रस्त्याला, पोस्टामागे. मी म्हटलं, "पाय वर घे."

"काय?"

"मांडी घालून बस. चपला काढ. मला तो ब्रेक आज नकोय."

त्याने निमूटपणे चपला काढल्या आणि सीटबेल्ट लावून मांडी घातली. असे आम्ही निघालो. गाडीच्या छतावर ‘शिकाऊ’ची पाटी, स्टिअरिंगवर पिकल्या केसांची बाई, आणि शेजारी मांडी घालून, डोळे मिटून बसलेले सर. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून बघितलं आणि हात जोडले. मला हसू आलं. सरांनी डोळे उघडले, त्या माणसाकडे पाहिलं आणि तेही हसले. म्हणाले, "बाई, विद्यार्थ्यांना एवढीच श्रद्धा असती तर!" तेव्हा मला जरा धीर आला. स्वतःवर हसायची त्याची सवय अजून जागेवर होती.

डॉक्टर म्हणजे माझ्याहून बरीच लहान, आखूड केसांची बाई. तिने सगळं ऐकून घेतलं, विद्यार्थ्यांची वाटणीसुद्धा, आणि क्षणभर तोंडावर रुमाल धरला. मग गंभीर झाली.

"सर, पाऊस बघून उघडायला ही काय छत्री आहे? ही रोज सारखी घ्यायची असते, म्हणजे कुठे ती काम करते. एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धी, एक दिवस नाही, म्हणून तर हे झटके आणि चक्कर. आणि गोळी मिळत नाही हे मला नाही सांगायचं तर कुणाला? दुकानं पालथी घालण्याआधी इकडे फोन करायचा."

"तुम्हाला कशाला त्रास म्हणून..."

"त्याच कामाची दुसरी गोळी आहे आणि ती सध्या मिळतेय. कशी सुरू करायची ते मी सांगते, तुम्ही स्वतःचं गणित करायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत दाखवायला या. आणि डोकं स्थिर होईपर्यंत गाडी बंद."

इतका वेळ तो मान डोलवत होता. शेवटच्या वाक्याने त्याचा चेहरा उतरला. "मग... कव्हर घालून ठेवू?" त्याने विचारलं.

"कशाला?" डॉक्टर म्हणाली. तिला तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

घरी सांगायला तो मला बरोबर घेऊन गेला. मी जायला नको होतं, पण त्याने दारात "बाई, येता?" असं विचारलं, ते थेट चौथीतलं होतं. त्याची बायको एका दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. ती नुकतीच कामावरून आली होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ऐकून उठली, न्हाणीघरात गेली आणि दोन्ही हातांत मावेनात इतक्या टूथपेस्ट आणून आमच्यासमोर टेबलावर ओतल्या.

"म्हणजे या त्या!" ती म्हणाली. "बाई, तुम्हीच सांगा. मी दातांच्या दवाखान्यात कामाला. पेस्ट आमच्याकडे फुकट पडलेल्या असतात. आणि हा माणूस रोज एक विकत आणतोय, लपवून ठेवतोय, बोलत नाही, खिडकीतून बाहेर बघतो. मी काय समजू? मला वाटलं, दुसरी कुणी भेटली. म्हटलं, या वयात दात चमकवतोय तरी कुणासाठी?"

"अगं, माझ्याकडे कोण बघणार," तो म्हणाला.

"तेच मीपण म्हटलं. म्हणून गप्प बसले." मग तिचा आवाज बदलला. "अहो, गाडीला तो दुसरा ब्रेक कशाला बसवलाय तुम्ही?"

"शिकणाऱ्याचा पाय चुकला तर शेजारच्याने दाबावा म्हणून."

"मग मी शेजारी काय नुसती खिडकीतून बाहेर बघायला बसलेय का इतकी वर्षं?"

मी टूथपेस्टच्या डब्या रंगांप्रमाणे लावत बसले, कारण अशा वेळी तिसऱ्या माणसाने करण्यासारखं दुसरं काही नसतं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरी. नव्या गोळीने पहिले काही दिवस त्याला मळमळायचं, झोप धड लागायची नाही. दुपारी तो जिन्याखाली कव्हर शोधायला जायचा. तो मला फोनवर सांगायचा, "बाई, गाडीवर कबुतरं बसतात. कव्हर घालतो म्हटलं तर ही म्हणते, धुवायला टाकलंय." दुसऱ्या दिवशी, "अजून वाळलं नाही म्हणते." कव्हर घालता येत नाही म्हणजे गाडी पुसणं आलं. पुसायची म्हणजे उठून, तोंड धुऊन, शर्ट घालून खाली उतरणं आलं. खाली उतरलं की कुणीतरी भेटायचंच. नर्स पास झाल्याचं सांगायला आली. बँकेतला कारकून क्लास कधी सुरू होणार म्हणून विचारायला आला, तर सरांनी फडकं पिळता पिळता त्याला सरळ सांगून टाकलं, की आपण त्या दिवशी दुकानात टूथपेस्टला गेलो नव्हतो, आणि दुकानं फिरण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.

कारकुनाने आपल्या रुमालाने गाडीचा आरसा पुसला. मग म्हणाला, "माझ्याकडे चार पेस्ट झाल्यात, सर."

"माझ्या मोजल्याच नाहीत," सर म्हणाले.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर क्लास पुन्हा सुरू झाले. माझी पाळी आली तेव्हा मी दार लावलं, पट्टा बांधला, आरशात केस न बघता रस्ता बघितला आणि विचारलं, "सर, आज किती?"

"काय किती?"

"माझ्यासाठी. पूर्ण, अर्धी, का काहीच नाही?"

"आता सगळ्यांना सारखीच, बाई. तुम्ही असा नाहीतर विमान चालवणारा असो. सकाळी एक, नाश्त्यानंतर."

मी ‘छान’ म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण थोडं वाईटही वाटलं. गोळीशिवाय पेलता येणारी विद्यार्थिनी म्हणून माझी एका सकाळपुरती नेमणूक झाली होती, तीही गेली. याच विचारात मी वळण घेतलं.

"सावकाश," सर म्हणाले. दोन बोटं खाली आली. गाडी इतकी अलगद थांबली, की ती मीच थांबवली असं मला वाटलं.

"बाई, आपण आता फुटपाथवर आहोत."

तो फुटपाथ त्यांच्याच घरासमोरचा होता. मी गाडी मागे घेताना वर पाहिलं. गच्चीत दोरीवर ते कव्हर पसरलेलं होतं, ऊन खाऊन पार कडक झालेलं. सरांची बायको बादली घेऊन आली, कव्हर दोरीवरून ओढून काढलं आणि पुन्हा पाण्यात बुडवलं.